एका किकची गाडी

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि उजवा गुडघा बदलावा लागेल असं सांगितलं. दसऱ्यानंतरचा आठवडा ठरला. ऑपरेशननंतर चालता येईल, जिना चढता येईल, काही महिन्यांनी स्कूटरही चालवता येईल, असं ते म्हणाले. मी विचारलं, किक मारता येईल का. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"आता कुठल्या गाडीला किक राहिलीय?"

"काही जुन्या गाड्यांना असते."

"मग त्या गाड्यांपासून लांब राहायचं," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मला ज्या गाडीची आठवण होती तिला फक्त किकच असते. शंभर सीसीची, जपानी इंजिनाची टू-स्ट्रोक. कोल्हापुरातल्या एका दैनिकात मी जिल्हा वार्ताहर म्हणून लागलो तेव्हा ऑफिसनं ती माझ्या ताब्यात दिली होती. माझ्याकडं जिल्ह्याचा दक्षिण भाग होता. नेसरी आणि आसपासच्या गावांतून ग्रामपंचायतींची भांडणं, उसाचे दर, यात्रा, अपघात गोळा करायचे आणि गडहिंग्लज, निपाणी, कागलवरून संध्याकाळच्या आत ऑफिसला यायचं, हे काम. जाताना डोक्यात काम असायचं. येताना बातमी खिशात असायची आणि रस्ता मोकळा असायचा. मोबाईल अजून आले नव्हते. त्या वाटेवर असेपर्यंत संपादक, घर, पुढारी, कोणीही मला गाठू शकत नव्हतं. उभी असताना ती गाडी अडखळत बोलायची आणि मूठ पिळली की तिचा आवाज एका सुरात ताणला जायचा. मागं निळसर धूर आणि जळक्या ऑईलचा गोडसर वास. एका किकमध्ये सुरू व्हायची. पुढं प्रदूषणाचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक बनणं बंद झालं आणि ऑफिसनं ती जुन्या खुर्च्या-टेबलांबरोबर विकून टाकली. त्या दिवशी मी रजेवर होतो.

ऑपरेशनच्या आधी तशी एक गाडी घ्यायची आणि नेसरीहून कोल्हापूरपर्यंत तिच्यावरून एकदा यायचं, एवढंच मी ठरवलं. नंतर ती विकावी लागली तरी चालणार होतं.

पत्नीनं ऐकून घेतलं. "त्या गाडीनं मणके खिळखिळे केले, आता गुडघा बाकी आहे तोही देऊन टाका," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "एका दिवसापुरती कोणाची तरी मागून आणा की."

मी दोन-तीन ठिकाणी मागून पाहिली. ज्यांच्याकडं ती आहे ते गाडी परक्याच्या हातात देत नाहीत. एकानं तर मला त्यापेक्षा बायकोचे दागिने मागा, असं सांगितलं.

श्रावणात शोध सुरू केला. जुन्या गाड्यांच्या जाहिराती आता फोनवर येतात. माझं पुढचं सगळं आयुष्य उपसंपादक म्हणून दुसऱ्यांच्या मजकुरातली विशेषणं कापण्यात गेलं, त्यामुळं त्या जाहिराती वाचताना डोकं उठायचं. प्रत्येक गाडी 'एकदम ओरिजिनल' होती. प्रत्येक गाडी 'शोरूम कंडिशन' होती.

पहिली पाहिली ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. मालक एका कारखान्यात सुपरवायझर होता. पाळी सुटल्यावर गेटबाहेर गाडी घेऊन आला. टाकीवर जांभळा रंग, पुढं डिस्क ब्रेक, सायलेन्सरच्या जागी हातभर लांबीचं चकचकीत नळकांडं. सुरू केल्यावर चहाच्या टपरीवरची माणसं कानावर हात ठेवून शिव्या द्यायला लागली.

"ओरिजिनल म्हणाला होतात," मी म्हटलं.

"ओरिजिनलच हाय की साहेब. फकस्त इंजिन बदललंय."

"टाकी?"

"टाकी दुसऱ्या गाडीची हाय. पर ती गाडी बी ओरिजिनल होती."

मी निघालो तेव्हा त्यानं मागून विचारलं, "घ्यायची न्हवती तर कशापायी बोलावलं? टाइमपास?"

दुसरी इचलकरंजीत होती. मालकाचे वडील सुताचा व्यापार करत, त्यानं यंत्रमागांची शेड घातली होती. ती गाडी खरोखर मूळ रूपात होती. मागांच्या खडखडाटाला लागून असलेल्या ऑफिसात, काचेच्या केबिनमध्ये, कापडाखाली ठेवलेली. चाकांना रस्ता लागू नये म्हणून खाली लाकडी ठोकळे होते. मालकानं कापड एका कोपऱ्यातून उचललं आणि पुन्हा सोडलं. मी सुरू करून दाखवायला सांगितलं.

"सुरू कशाला करताय? पेट्रोलच घातलेलं नाही तिच्यात."

"चालवायची नाही का?"

"ही चालवायला नाही हो, ठेवायला. पाच वर्षं ठेवा, मग बघा." त्यानं सांगितलेल्या किमतीत नव्या दोन गाड्या आल्या असत्या. मी पैशाचं बोललो नाही. ही गाडी विकत घेऊन मी रस्त्यावर आणणार आहे, एवढंच सांगितलं. तो खरोखर दुखावला. "मग तुम्हाला मी देणारच नाही," तो म्हणाला.

त्यानंतर करवीर तालुक्यातल्या गावांतून आणखी बऱ्याच गाड्या पाहिल्या. सगळ्यांचे सायलेन्सर एकतर कापलेले होते किंवा आतून पोकळ केलेले. कारण मला ठाऊक होतं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात आणि आसपास म्हशी पळवतात. शिंगं रंगवलेली, डोक्यावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात घुंगरं. मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस तिच्या आवाजामागं सुसाट. आवाज मोठा हवा म्हणून सायलेन्सर काढतात आणि टू-स्ट्रोकसारखा आवाज दुसऱ्या कशाचाच येत नाही. वार्ताहर असताना मी दर पाडव्याला त्या बातमीचा मथळा हौसेनं मोठा करायचो. आता एकेक कापलेला सायलेन्सर पाहून परत येताना मला त्या सगळ्या पाडव्यांचा राग यायला लागला. जिल्ह्यातल्या उरलेल्यासुरलेल्या गाड्या या हौसेनं खाल्ल्या होत्या. गणपती गेले. गुडघा जिना उतरताना आवाज करायला लागला.

पितृपक्षात नेसरीच्या अलीकडच्या एका गावातून फोन आला. माझ्या जुन्या वाटेवरचं गाव. बोलणारा शेतकरी होता, जोडीला दुधाचा धंदा. त्यानं 'ओरिजिनल' हा शब्द एकदाही वापरला नाही. "गाडी हाय. चालतीया. बगून घ्या," एवढंच म्हणाला.

मी एसटीनं गेलो. गोठ्याच्या पडवीत गाडी उभी होती. टाकीवर दुधाच्या कॅननं पाडलेले ओरखडे, सीट दोरीनं शिवलेली, आरशाला तडा. पण इंजिन न उघडलेलं आणि सायलेन्सर मूळचा. पंधरा वर्षांनी करायचं पासिंगही वेळेवर केलेलं होतं. मालकानं किक मारली. पहिल्या किकला सुरू झाली. मी वाकून तो अडखळता आवाज ऐकला. मग विचारलं, इथं म्हशी पळवत नाहीत का.

"पळवत न्हाय कसं? आमचीच पळती की. ती काय, रानात चरायला गेलीया."

"मग सायलेन्सर कसा काय राहिला?"

त्याची बायको चहा घेऊन येत होती, ती हसली. "सांगा की पावण्यास्नी. का मी सांगू?"

"एकदा काढलता," तो म्हणाला. "सगळा गाव बगाया उभा. म्या गाडी सोडली आन् म्हस भिऊन उलटी पळाली."

"कुठं?"

"थेट दुसऱ्याच्या उसात," बायको म्हणाली. "उसाचा मालक काठी घिऊन आला. हे गाडीवर, त्यो मागं. म्हस ऱ्हायली बाजूला, ह्यांचीच शर्यत झाली."

त्याचं म्हणणं असं की ती म्हैस लहान रेडकू असल्यापासून सकाळ-संध्याकाळ याच गाडीचा साधा आवाज ऐकत वाढली. तिला तेवढाच आवाज कळतो. म्हणून त्यानं सायलेन्सर परत बसवला आणि त्यानंतर कधी हात लावला नाही. गावात त्याच्या गाडीला मुकी गाडी म्हणून चिडवतात. आता दुधाचा टेम्पो दारात येतो, मुलानं कागलला नोकरी लागल्यावर नवी फोर-स्ट्रोक घेतली, जुनीचे पार्ट मिळेनात. म्हणून विकायची.

"आणि यंदाचा पाडवा?"

"यंदा नव्या गाडीवर पळंल. पोरगं सुट्टीला आलं की सराव करून घेतंय."

"पळते का तिच्यामागं?"

"पळंल की. न पळाया काय झालंय?"

दुसऱ्या कोणी ही बातमी माझ्या टेबलावर आणली असती तर पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय मी ती घेतली नसती. मी खिशातून इसार काढून दिला. गाडी न्यायचा दिवस दसऱ्याचा ठरला. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा झाल्याशिवाय ती दाराबाहेर जाऊ द्यायची नाही, अशी त्याच्या बायकोची अट होती. इतकी वर्षं घर चालवलं तिनं, ओवाळल्याशिवाय कशी धाडू, असं ती म्हणाली. मला ते योग्यच वाटलं. ऑपरेशन दसऱ्यानंतर होतं. सगळं वेळेत बसत होतं.

दसऱ्याला सकाळच्या एसटीनं गावात पोचलो. गाडी अंगणात आणून ठेवली होती. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. खंडेनवमीला पूजलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत कामाला लावत नाहीत, त्यामुळं आदल्या सकाळपासून ती सुरू केलेली नव्हती. गोठ्यात बायको रिकामी बादली घेऊन नवऱ्याशी भांडत होती.

"काल सांजंला थेंब न्हाय. आज सकाळी थेंब न्हाय. कास बगा कशी दगडावानी झालीया. चारा बदलू नगा म्हटलं हुतं."

"चारा त्योच हाय."

"मग काय म्हशीनं बी नवरात्राचा उपास धरलाय?"

म्हशीनं दोन वेळेला पान्हा सोडला नव्हता. ती पहिल्यांदाच मी पाहिली. काळीभोर, शिंगं मागं वळलेली, दाव्याला हिसके देणारी. माझ्याकडं तिनं लक्ष दिलं नाही.

मालकानं मला आपट्याचं पान दिलं, मी त्याला दिलं. कागद घेतले; बाकीचे पैसे गाडी नावावर झाल्यावर द्यायचे होते. चोक ओढला. उजवा पाय किकवर ठेवला तेव्हा गुडघ्यातून कळ गेली. एक किक मारली आणि गाडी सुरू झाली. गोठ्यातून म्हैस हंबरली. तिला निरोपाचं कळलं असेल, असं मालक म्हणाला. मी गाडी गावाबाहेर काढली.

डांबरी रस्त्याला लागून मूठ पिळली. तोच सूर. दोन्ही बाजूंना ऊस, पुढं रस्ता रिकामा. हाराची फुलं उडून छातीवर येत होती. ती वाट मला हवी होती तशीच मिळाली होती आणि किती वेळ, तर कालव्याच्या पुलापर्यंत. पुलाजवळ आरशात काहीतरी काळं दिसलं. आरशाला तडा होता, म्हणून मी मागं वळून पाहिलं. म्हैस होती. गळ्यात तुटलेलं दावं, मान पुढं, घुंगरं नाहीत की तुरा नाही, पण पाडव्याला पळतात तशी पळत होती. मी वेग वाढवला. तिनंही वाढवला. शेतातला एक माणूस बांधावर उभा राहून ओरडला, "पावणं, पाडव्याला अवकाश हाय की अजून!"

पुढं घाटाचं वळण आणि ट्रकांचा रस्ता होता. मी थांबलो. म्हैस थांबली आणि सायलेन्सरजवळ तोंड नेऊन धापा टाकत उभी राहिली. मी इंजिन बंद केलं. ती हलली नाही. मला तिचा इतका राग आला की मी तिला चार शब्द बोललो. इथं ते छापण्यासारखे नाहीत.

मालक मुलाच्या नव्या गाडीवरून आला, मागं बायको. त्यानं म्हशीच्या पुढं जाऊन नव्या गाडीचा आवाज केला. म्हशीनं एक कान हलवला. त्यानं पुन्हा केला. तिनं तोंड फिरवलं.

"सराव झाला होता ना?" मी विचारलं.

"पोरगं म्हणायचं झाला," तो म्हणाला. "बटन दाबलं की सुरू हुणाऱ्या गाडीला म्हस काय इज्जत देणार?"

बायको गाडीवरून उतरली होती. ती वाकून म्हशीच्या पोटाखाली बघत होती. म्हशीच्या सडांतून दूध गळत होतं. मागं पुलापर्यंत रस्त्यावर ओले ठिपके पडले होते.

"आवं," ती म्हणाली, "पान्हा सोडलाय की हिनं. गाडी ऐकून सोडलाय."

मग सगळा हिशेब जुळला. रोज पहाटे आणि संध्याकाळी मालक आधी गाडी काढून तापायला लावायचा, तोवर बायको धार काढायची. टेम्पो यायला लागल्यावरही त्यानं सवयीनं गाडी तशीच सुरू करून गावात एक फेरी मारणं सोडलं नव्हतं. मागच्या खंडेनवमीपर्यंत दूध पोचवायला गाडी काढावीच लागायची; यंदा पहिल्यांदा ती दोन वेळेला गप्प राहिली. त्यांनी दोष चाऱ्याला दिला.

म्हशीला परत न्यायचा एकच मार्ग होता. मी किक मारली, गाडी वळवली आणि आलेल्या रस्त्यानं गावाकडं निघालो. म्हैस मागं. वेशीत माणसं जमली होती. शिट्ट्या, टाळ्या, "आरं मुक्या गाडीला नवा मालक घावला!" मी ताठ बसून समोर बघत राहिलो. गोठ्यात बायको बादली घेऊन बसली.

"बंद करू नगा," ती म्हणाली. "जरा चालू ऱ्हाऊ द्या."

मी गाडीशेजारी मूठ धरून उभा राहिलो. बादलीत धारांचा आवाज सुरू झाला आणि फेस वर येईपर्यंत थांबला नाही. गोठा निळ्या धुरानं भरला.

मालक शब्दाचा पक्का निघाला. "इसार घेतलाय. गाडी तुमची. दोन-चार दिस वरडंल, मग इसरंल."

"आन् इसरली न्हाय तर?" बायकोनं विचारलं.

"मग असं करा. आज न्या. उद्या परत आणून द्या."

"आन् आज सांजच्या धारंला मी काय तोंडानं फटफट करू?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझा गुडघा तोवर पँटच्या आत सुजून घट्ट झाला होता. या पायानं कोल्हापूर गाठणं एक वेळ जमलं असतं, परत येणं शक्य नव्हतं. गाडी घेऊन जायचा मला पूर्ण अधिकार होता आणि तो वापरला तर काय होईल हे मी नुकतंच बादलीत पाहिलं होतं. मी इंजिन बंद केलं. किल्ली आणि कागद गव्हाणीच्या कठड्यावर ठेवले. मालकानं इसार परत दिला तो मी न बघता खिशात घातला. बायकोनं एका किटलीत दूध भरून दिलं. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. मी नेसरी फाट्यावर एसटीची वाट बघत उभा राहिलो. एसटीत बसायला जागा नव्हती. गडहिंग्लजपर्यंत एका पायावर, हातात किटली सांभाळत आलो. खिडकीतून कालव्याचा पूल गेला तेव्हा मी दुसरीकडं पाहिलं.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणं झालं. घरी आल्यावर पत्नीनं पायाखाली उशा रचल्या. तिनं गाडीचा विषय काढला नाही. फक्त दूध तापवताना एकदा म्हणाली, "गाडी आणायला गेलात आणि किटलीभर दूध घेऊन आलात." तिला ते गमतीचं वाटलं. मला वाटलं नाही.

पाडव्याला बाहेर रस्त्यावर कापलेल्या सायलेन्सरच्या गाड्या सकाळपासून फिरत होत्या. खिडकी लावून घ्यायला सांगितली. दुपारी फोन वाजला. तो शेतकरी होता. मागं माणसांचा आरडाओरडा, हलगी, घुंगरं.

"पावणं! म्हस सजवलीया. आता सोडतोय. म्हटलं तुमास्नी आवाज ऐकवावा. फोन गाडीजवळ धरतो. ऐका हं!"

मी फोन कानाला लावला. घुंगरं स्पष्ट ऐकू आली. हलगी ऐकू आली. कोणीतरी शिंकलं तेही ऐकू आलं. गाडीचा आवाज आला नाही. आताचे फोन इंजिनाचा आवाज गोंगाट समजून गाळतात, हे मी कधीतरी वाचलं होतं, ते अचूक होतं.

"आला का?" तो ओरडला.

"नाही," मी म्हटलं.

"न्हाय? हितं कान फुटाया लागलेत! थांबा, सायलेन्सरलाच लावतो." पुन्हा घुंगरं, पुन्हा माणसं, मधे त्याच्या बायकोचं "आवं फोन वितळंल की!" आणि जिथं आवाज असायला हवा होता तिथं स्वच्छ शांतता. "आता?"

"नाही आला."

"असं कसं? थांबा, फोन ठेवू नगा. शेजाऱ्याचा फोन आणतो, त्याचा मोठा हाय."

मी ठेवला नाही. पाय उशीवर सरळ होता, खिडकी बंद होती, मी फोन कानाला धरून थांबलो.